धाक म्हणजे शिस्त नव्हे

‘सरकारी नोकराला कायद्याने आधीच इतके जपले आहे की आणखी जपायला गेलो तर काम ठप्प होईल.’ शासकीय कार्यालयांतील मानहानी आणि मानसिक छळ रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा, असे कोणी म्हटले की हे उत्तर हमखास मिळते. ते मंत्रालयात मिळते, जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात मिळते आणि वर्तमानपत्रांच्या वाचक-पत्रव्यवहारातही मिळते. ज्यांनी उमेदीच्या काळात वरिष्ठांचा जाच मुकाट्याने सोसला ते निवृत्त अधिकारीही हेच सांगतात आणि वर ‘आम्ही नाही का काढले दिवस?’ असे विचारतात. हे मत मला साफ चुकीचे वाटते. मात्र ते पोकळ नाही. म्हणून त्याची बाजू आधी पुरती मांडतो.

संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार रीतसर चौकशी झाल्याशिवाय सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही आणि पदावनतही करता येत नाही. त्याला शिक्षा कशी द्यायची ते महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ठरलेले आहे. वर्तणूक नियमही त्याच वर्षीचे आहेत आणि शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारे वर्तन करू नये हे बंधन त्यांत वरिष्ठांवरही आहे. बदल्यांचा अधिनियम २००५ चा आहे. त्यात पदावधी सामान्यतः तीन वर्षांचा आहे आणि मुदतपूर्व बदलीची कारणे लेखी नोंदवावी लागतात. अन्याय झाला तर दाद मागायला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. महिलांसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे, दलित-आदिवासींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. या साऱ्यावर कळस म्हणून फेब्रुवारी २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला जातो. सिकंदराबादच्या एका केंद्रीय संस्थेतील प्राध्यापिकेने संचालकांनी आपल्याला मोठ्या आवाजात खडसावल्याची तक्रार केली होती. कामाच्या संदर्भात वरिष्ठाने दिलेली समज म्हणजे फौजदारी अर्थाने ‘हेतुपुरस्सर अपमान’ नव्हे, तसे मानले तर कार्यालयीन शिस्तच लुळी पडेल, असे म्हणत न्यायालयाने तो खटला रद्द केला.

या निकालापासूनच सुरुवात करू, कारण विरोधकांचा सर्वांत मोठा आधार तोच आहे. माझ्या मते निकाल बरोबर आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष विरोधक काढतात त्याच्या उलटा आहे. प्रकरण भारतीय दंड संहितेच्या कलम ५०४ चे होते. न्याय संहितेत ते कलम ३५२ झाले आहे. या कलमाचा गाभा शांतताभंग हा आहे. अपमान असा हवा की समोरचा चिडून शांतता मोडेल किंवा दुसरा एखादा गुन्हा करील, आणि अपमान करणाऱ्याचा हेतू तोच असावा किंवा तसे घडेल याची त्याला जाणीव असावी. आता तालुक्याच्या कचेरीतला अव्वल कारकून डोळ्यांपुढे आणा. साहेब त्याला पंधरा जणांदेखत ‘तुला लाज कशी वाटत नाही’ म्हणतो. घरी म्हातारे आईवडील, मुलाची फी, घराचा हप्ता. हा माणूस चिडून हात उगारणार आहे का? तो मान खाली घालून उभा राहील, जागेवर जाऊन फाइल उघडील आणि संध्याकाळी रक्तदाबाची गोळी घेईल. त्याच्याकडून शांतताभंग होण्याची शक्यताच नाही, आणि म्हणूनच ५०४ त्याच्या उपयोगाचे नाही. जो निमूट सोसतो त्याच्यासाठी हे कलम लिहिलेलेच नाही. फौजदारी कायदा या दुखण्यावर चालत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तर ज्यावर चालेल असा दुसरा कायदा शोधायला हवा. दुखणेच नाही असे न्यायालयाने कुठे म्हटले आहे?

फौजदारी कायद्याचे दुसरे टोक याहून वाईट आहे. कर्मचाऱ्याने जीव दिला की आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम लागते. औरंगाबादच्या शिक्षण उपसंचालक कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने २०१७ साली आत्महत्या केली. रात्री उशिरापर्यंत काम, सुट्टीच्या दिवशी बोलावणे, महिन्याचा पगार रोखणे, वेतनवाढ थांबवण्याची धमकी, असे आरोप त्याच्या पत्नीने वरिष्ठांवर केले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. वरिष्ठाने काम दिले एवढ्यावरून गुन्हेगारी हेतू गृहीत धरता येत नाही, हे त्यामागचे सूत्र. कायद्याच्या दृष्टीने यात खोट काढता येणार नाही. पण पगार रोखणे आणि वेळीअवेळी बोलावणे योग्य होते की अयोग्य, हा प्रश्न तो माणूस जिवंत असताना कोणापुढे यायला हवा होता? तसे व्यासपीठच नव्हते. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातील हरिसाल येथील महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने आयुष्य संपवले. मागे राहिलेल्या चिठ्ठीत वरिष्ठांच्या छळाचा आणि आधी केलेल्या तक्रारींचा उल्लेख होता. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, मी त्यात शिरत नाही. मला एवढेच दिसते की आपल्या व्यवस्थेत या विषयाची पहिली गंभीर चौकशी शवविच्छेदनानंतर सुरू होते.

आता ‘इतर नियम भरपूर आहेत’ या मुद्द्याकडे वळू. वर नोंदवलेल्या तरतुदी पुन्हा वाचल्या की दिसते, त्यांतल्या बहुतेक नोकरी वाचवतात. नोकरी करणाऱ्याला रोज कसे वागवले जाते, याचा त्यांच्याशी संबंध नाही. अनुच्छेद ३११ बडतर्फीच्या आड येतो, पण छळणाऱ्याला बडतर्फ करायचेच नसते. बदली अधिनियम वरिष्ठाने लादलेल्या बदलीला अटी घालतो. प्रत्यक्षात घडते ते असे की माणसाला इतके पिळायचे की शेवटी तोच विनंती बदलीचा अर्ज करील, किंवा दीर्घ वैद्यकीय रजेवर जाईल, किंवा स्वेच्छानिवृत्ती मागेल. त्याच्या सहीचा कागद हाती आला की कोणत्याही अधिनियमाचा भंग होत नाही. न्यायाधिकरण आदेशाची वैधता तपासते, आणि इथे आव्हान देण्याजोगा आदेशच नसतो. शिव्यांना जावक क्रमांक नसतो.

आणि तक्रार करायची ठरवली तर? सरकारी नोकरीतल्या माणसाला दोन शब्द पक्के ठाऊक असतात: ‘योग्य मार्गाने’. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने लिहायचा आणि त्याच्या माथ्यावर ‘मार्फत’ म्हणून त्याच तहसीलदाराचे पदनाम टाकायचे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. अर्ज त्याच कार्यालयाच्या आवक शाखेत जातो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी शिक्का मारतो आणि तासाभरात सगळ्या कचेरीला कळते. मग तो साहेबांच्या टेबलावर जातो, साहेब त्यावर अभिप्राय लिहितात. ‘सदर कर्मचारी कामात वारंवार हलगर्जीपणा करीत असून वरिष्ठांच्या आदेशांचे पालन करीत नाहीत.’ या अभिप्रायाला पुरावा लागतो, म्हणून त्याच आठवड्यात दोन मेमो निघतात, खुलासे मागवले जातात, खुलासे असमाधानकारक ठरतात. अर्ज जिल्ह्याला पोहोचतो तेव्हा तो एका कसूरदार कर्मचाऱ्याचा अर्ज झालेला असतो. हा मार्ग टाळून थेट वर लिहिले तर थेट पत्रव्यवहार केल्याबद्दल वेगळी कारणे दाखवा नोटीस. साक्षीला बोलवायचे ते सहकारी, ज्यांचे कार्यमूल्यमापन अहवाल तोच हात लिहितो. गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सांगितले. तो निकाल मोलाचा आहेच, पण नोंद कळली तरी ती लिहिणारा बदलत नाही.

खासगी आणि सरकारी नोकरीतला मोठा फरक इथे आहे, आणि सरकारी क्षेत्रासाठी वेगळा विचार हवा तो याचसाठी. सरकारी कार्यालयात छळाला बेकायदा काही करावेच लागत नाही. रजा मंजूर न करणे, चार्ज काढून घेणे, एकाच टेबलावर तिघांचे संकलन टाकणे, सेवापुस्तकातली नोंद रखडवणे, प्रवासभत्त्याचे बिल त्रुटी काढून परत पाठवणे: यातली प्रत्येक कृती त्या अधिकाऱ्याच्या अधिकारकक्षेतली आहे. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येकीला कारण देता येते. ती एकाच माणसाच्या वाट्याला वर्षभर येत राहिली की तिचे नाव बदलते. आपले नियम एकेका कृतीकडे पाहतात. सततच्या वागणुकीकडे पाहणारा डोळाच त्यांना नाही.

विशेष कायद्यांची कुंपणेही पाहा. लैंगिक छळाच्या कायद्यात अपमानास्पद वागणूक आणि भयाचे वातावरण यांचा उल्लेख आहे, पण लैंगिक वर्तनाशी जोडूनच. केवळ पाणउतारा झाला तर ती समिती म्हणते, हे आमच्या कक्षेत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमान ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’ झालेला असावा लागतो. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका महसूल निरीक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कार्यालयाच्या चार भिंतींआड, बाहेरचे कोणी हजर नसताना घडलेली घटना या व्याख्येत बसत नाही. तिथे आरोपी वरिष्ठ नव्हता, बाहेरचा माणूस होता. पण साहेबाच्या बंद केबिनलाही हाच निकष लागेल. आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा व आरोग्याचा देशातला मुख्य कायदा, म्हणजे २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना लागू नाही असे त्या संहितेतच लिहिले आहे. अपवाद फक्त ठेकेदारामार्फत नेमलेल्या कंत्राटी कामगारांचा. सरकारने कारखानदाराला जे बंधन घातले त्यातून स्वतःची कचेरी वगळली. ‘कायदे भरपूर आहेत’ म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

राहिला शिस्तीचा मुद्दा, विरोधकांच्या मनात सर्वांत खोल रुतलेला. शिस्त धाकाने येते आणि धाक काढला की यंत्रणा कोसळते, असे हे गृहीतक आहे. मग या देशात ज्या संस्थेत शिस्तीला सर्वांत जास्त मोल आहे तिचा कायदा पाहू. लष्करी कायदा, १९५०, कलम ४७. आपल्या हाताखालच्या सैनिकावर बळजोरी करणाऱ्या किंवा त्याला अन्य प्रकारे वाईट वागवणाऱ्या अधिकाऱ्याला लष्करी न्यायालय सात वर्षांपर्यंत कारावास देऊ शकते. वरिष्ठावर हात उगारणे हा तिथे गुन्हा आहे आणि कनिष्ठाला छळणे हाही. प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी संसदेने हे लिहून ठेवले. सीमेवरची फौज या कलमानिशी पंचाहत्तर वर्षे उभी आहे, आणि पंचायत समिती मात्र तसल्या तरतुदीने कोसळेल, हे कोणी कोणाला पटवून द्यावे?

सरकारी कामातली शिस्त कागदावर चालते. २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सनदी सेवकांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेश लेखी नोंदवावेत. छळ बहुधा तोंडी असतो. आढावा बैठकीची व्हिडिओ कॉन्फरन्स ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. पडद्यावर तालुकावार टक्केवारी, खालच्या तीन ओळी लाल रंगात. ‘लाल’ तालुक्याच्या माणसाला माइक चालू करून उभे राहायला लावले जाते आणि साऱ्या जिल्ह्यादेखत त्याची अक्कल काढली जाते. चार रिक्त पदांचे काम तो एकटा ओढतो आहे, हे त्या तक्त्यात कुठेच नसते. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे नाव पुन्हा येते. यातला एक शब्दही बैठकीच्या इतिवृत्तात उतरत नाही. काम झाले नसेल तर लेखी विचारणा करा, खुलासा घ्या, दोष सिद्ध झाला तर वेतनवाढ रोखा. त्यासाठीच १९७९ चे नियम आहेत. जो अधिकारी हे नियम वापरायचे सोडून आवाज वापरतो, तोच शिस्तीचा मार्ग सोडतो.

‘छळाची व्याख्या करणार कशी?’ असेही विचारले जाते. महाराष्ट्राने ती १९९९ मध्येच केली आहे. रॅगिंग प्रतिबंधक अधिनियमात शारीरिक किंवा मानसिक इजा करणारी, भीती, लाज किंवा संकोच उत्पन्न करणारी कृती म्हणजे रॅगिंग असे म्हटले आहे. चिडवणे, शिवीगाळ, धमक्या, सगळे त्यात येते. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, आणि त्याने दुर्लक्ष केले तर त्यानेच अपप्रेरणा दिली असे मानले जाते. हा कायदा आपल्याच विधिमंडळाने केला. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला मानसिक इजा होते हे विधिमंडळाला समजले. तोच विद्यार्थी स्पर्धा परीक्षा पास होऊन ग्रामसेवक किंवा तलाठी झाला की त्याच्या मनाला इजा होणे थांबते काय? ऑस्ट्रेलियाने २०१४ पासून जी व्याख्या वापरली तीही सुटसुटीत आहे: एखाद्या कर्मचाऱ्याशी वारंवार अवाजवी वागणे, आणि त्यामुळे त्याच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका उत्पन्न होणे. वाजवी रीतीने केलेली वाजवी प्रशासकीय कारवाई त्यातून स्पष्ट शब्दांत वगळली आहे. कामचुकाराला जाब विचारणाऱ्या अधिकाऱ्याला यात भिण्यासारखे काही नाही. फ्रान्स त्याहून पुढे गेला. तिथे २००२ पासून मानसिक छळ हा गुन्हा आहे, आणि एके काळी सरकारी मक्तेदारी असलेल्या फ्रान्स टेलिकॉमच्या माजी प्रमुखांना कर्मचाऱ्यांच्या संस्थात्मक छळाबद्दल २०१९ मध्ये शिक्षा झाली. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे दोषी ठरणे कायम केले.

तरी मी फ्रान्सचा मार्ग मागत नाही. तुरुंगाची तरतूद केली की पुरावा फौजदारी दर्जाचा लागतो, प्रकरण पोलीस ठाण्यात जाते आणि वर्षानुवर्षे लोंबकळते. अमेरिकेतील टेनेसी राज्याचा मार्गही नको. तिथे २०१४ मध्ये केवळ सरकारी कार्यालयांसाठी कायदा झाला, पण त्याचे सार एवढेच की कार्यालयाने आदर्श धोरण स्वीकारले की कर्मचाऱ्याच्या मानसिक छळाच्या दाव्यांपासून त्याला संरक्षण मिळते. तसला कायदा झाला तर नोटीस बोर्डावर एक कागद वाढेल, एवढेच.

हवे आहे ते आपल्याच २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात अर्धे तयार आहे. चौकशीला नव्वद दिवसांची मुदत तिथे आहे, समितीत बाहेरचा सदस्य आहे. आणि त्याखालच्या नियम ८ मध्ये एक फार समजूतदार तरतूद आहे: चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार महिलेचा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखता येते आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देता येते. लेखणी हेच हत्यार आहे, हे त्या नियमकर्त्यांनी ओळखले होते. ही तरतूद सर्व प्रकारच्या छळाला आणि सर्व कर्मचाऱ्यांना लागू करा. समिती त्या विभागाच्या बाहेरची, निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली ठेवा. अर्ज थेट तिच्याकडे जावा, ‘मार्फत’ नको. कर्मचाऱ्याची व्याख्याही तिथूनच उचला, कारण त्या व्याख्येत रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले आणि स्वेच्छेने काम करणारेही बसतात. अनुच्छेद ३११ चे कवच ज्यांना मुळात नाहीच, त्या कंत्राटी परिचारिका, डेटा एंट्री ऑपरेटर आणि मानधनावरच्या आशाताई, सर्वांत जास्त बोलणी तेच खातात. दुरुपयोगाची भीती वाटते त्यांनी त्याच कायद्याचे कलम १४ पाहावे. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास तिथे कारवाई आहे, मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्याने ती खोटी ठरत नाही.

कायद्याने रिक्त पदे भरली जाणार नाहीत, आणि कामाच्या ओझ्यातून येणारी चिडचिड त्याने संपणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. यशदासारख्या संस्थेत प्रशिक्षण द्यावे, हेही मान्य. पण प्रशिक्षणाने सुधारायचे त्यांना सुधारू द्या. जे सुधारत नाहीत त्यांच्या हाताखाली आज कोणीतरी काम करते आहे.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल १९९७ चा आणि त्यावरचा कायदा २०१३ चा, मध्ये सोळा वर्षे गेली. कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये १९० क्रमांकाचा करार केला. तो सरकारी क्षेत्रालाही लागू आहे, पण भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. राज्याच्या सेवकांच्या सेवाशर्ती ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३०९ ने राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले सरकारी कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले आणि सरकारला बोलणी करावी लागली. निवृत्तीनंतरच्या आयुष्यासाठी एवढी एकजूट दाखवणाऱ्या संघटनांना माझे सांगणे आहे: निवृत्तीपर्यंतची तीस वर्षे माणूस म्हणून काढता यावीत, ही मागणी तुमच्या पुढच्या मागणीपत्रात घाला, आणि अधिकाऱ्यांच्या महासंघाने त्यावर पहिली सही करावी.